मुलगी वहिनीच्या ताब्यात

दुपारी सव्वाचार वाजता माझी मुलगी हरवली. पाचच्या आत सापडली. माझ्या हातात मिळायला मात्र दिवेलागण झाली.

फलटणला शेतकी प्रदर्शन भरलं होतं आणि त्याचा तो शेवटचा दिवस होता. सासूबाई भावाच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेला गेल्या होत्या. जाताना बजावून गेल्या होत्या, "दोन पोरांना घेऊन एकटी कुठं जाऊ नकोस. मी आले की सगळेच जाऊ." पण त्या येईपर्यंत मांडव उतरला असता. बैल बघायचा म्हणून छकुलीनं सकाळपासून डोकं उठवलं होतं. हे कारखान्यावर पाळीला गेले होते. मी जेवणं उरकली, बाळाला कडेवर घेतलं, छकुलीला पिवळा फ्रॉक घातला आणि निघाले.

बैल खरंच बघण्यासारखा होता. पांढराशुभ्र खिलार, शिंगांना लाल गोंडे, भोवती ही गर्दी. छकुलीनं माझं बोट धरलं होतं. बाळाचं टोपडं सुटलं म्हणून मी बोट सोडवून घेतलं, हनुवटीखाली बंद बांधला आणि हात पुन्हा खाली केला. हाताला काही लागलं नाही.

आधी मी बैलाच्या पायाशी बघितलं. मग पंपांच्या दुकानांत, मग बियाण्यांच्या, मग जिथं पाण्याचे फवारे उडवून दाखवत होते तिथं. "पिवळ्या फ्रॉकातली मुलगी बघितली का?" असं दिसेल त्याला विचारत होते. एक बाई माझ्याकडे आणि कडेवरच्या बाळाकडे बघून आपल्या मुलाला जवळ ओढत मागं सरली. ती का सरली ते मला ठाऊक होतं. त्या आठवड्यात गावभर एकच बोलणं होतं: बायकांची टोळी आली आहे, कडेवर तान्हं मूल असतं म्हणून कुणाला संशय येत नाही, आणि बोलता बोलता मोठं मूल उचलून नेतात.

तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला.

"एक चार वर्षांची मुलगी सापडली आहे. अंगात पिवळा फ्रॉक. नाव छकुली सांगते. आई मिरजेला गेली आहे असं सांगते. तिच्या घरच्या माणसांनी मुख्य मांडवात यावं."

पिवळा फ्रॉक आणि छकुली एवढंच मी ऐकलं. मिरजेचं वाक्य कानावरून गेलं. मी पळत सुटले होते.

मांडवात एका टेबलावर छकुली पाय हलवत बसली होती. हातात बिस्किट होतं, गालांवर त्याचा चुरा. शेजारी माइक. खुर्चीत चष्मा लावलेल्या एक बाई, छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला. टेबलाच्या टोकाला एक हवालदार चहा पीत होते.

"वहिनी आली!" छकुली ओरडली आणि तिनं बिस्किटाचा हात माझ्याकडे नाचवला.

मी तिला उचलायला हात पुढं केला तर चष्म्याच्या बाईंनी माझ्या आणि तिच्या मध्ये आपला हात आडवा घातला.

"एक मिनिट. तुम्ही कोण?"

"मी हिची आई."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग छकुलीकडे वळून अगदी गोड आवाजात विचारलं, "छकुली, ह्या कोण गं?"

"वहिनी."

"आणि तुझी आई कुठं आहे?"

"मिरजेला. मामाच्या डोळ्यात फूल पडलंय."

बाई पुन्हा माझ्याकडे वळल्या. आवाजातला गोडवा गेला होता. "तुम्ही कोण म्हणालात?"

"आई. अहो, ती मला वहिनी म्हणते, पण मी तिची आई आहे."

"वहिनी असाल तर वहिनी सांगायचं. आई कशाला सांगता?"

हवालदारांनी कप खाली ठेवला. त्यांची नजर माझ्या कडेवर गेली. बाळानं नेमकं तेव्हाच माझ्या मंगळसूत्राला हिसडा दिला आणि गळा काढला.

"नाव काय तुमचं?" हवालदारांनी विचारलं. त्यांच्या खिशावर फाळके असं लिहिलं होतं.

"हेमलता विश्वास भोईटे. राहणार मलठण. हिच्या उजव्या मांडीवर भाजल्याचा डाग आहे, चहाचा. वरचा एक दात किडलाय. दुपारी वरणभात खाऊन आलीय, वांग्याची भाजी ताटाखाली लपवलीय."

"लपवली नाही," छकुली म्हणाली, "पडली."

हवालदार हसले. बाई हसल्या नाहीत. त्या रसाळबाई, शाळेत शिक्षिका होत्या हे मला नंतर कळलं. पण शाळेतल्या आहेत एवढं त्यांच्या पुढच्या प्रश्नांवरून तेव्हाच कळलं असतं.

"एका घरात राहणाऱ्या वहिनीला डाग माहीत असणारच. दातही माहीत असणार. छकुली, घरात कोण कोण असतं, सांग बरं पुन्हा एकदा."

छकुलीनं बोटांवर मोजत सांगितलं, "आई, आबा, दादा, नाना, बापू, वहिनी. आणि बाळ."

"दादाची बायको कोण?"

"वहिनी."

"बघा," रसाळबाई हवालदारांना म्हणाल्या. "पोरीला एकेक नातं बरोबर माहीत आहे. मुलगी खोटं बोलत नाहीये."

ती खोटं बोलत नव्हतीच. आमच्या घरात सासूबाईंना सगळे आई म्हणत, मीसुद्धा. यांना धाकटे भाऊ दादा म्हणत, आणि मला वहिनी. छकुली बोलायला लागली ती घरात जे कानावर पडत होतं तेच बोलायला लागली. पहिल्यांदा तिनं बोबड्या जिभेनं "वयनी, पानी" म्हटलं तेव्हा नाना आणि बापू पोट धरून हसले होते. तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं होतं. मीही हसले होते. आमच्याच गल्लीत बापाला भाऊ आणि आईला काकू म्हणणारी घरं होती. त्यात काही आहे असं कुणाला वाटत नसे.

हे सगळं मी रसाळबाईंना सांगितलं. धाप लागत होती, बाळ रडत होतं, त्यामुळे सांगताना ते मलाच रचल्यासारखं वाटलं.

"असेल," त्या म्हणाल्या. "पण मी पोरीला कुणाच्याही सांगण्यावर देणार नाही. घरातलं दुसरं कुणीतरी येऊ दे."

"घरी कुणी नाही. हे कारखान्यावर, सासरे आणि दीर रानात."

"मग थांबा."

मी त्यांच्यावर चिडले नाही. माझ्या जागी दुसरी कुणी असती आणि छकुली टेबलावर असती, तर त्यांनी असंच वागावं असं मला वाटलं असतं. मी शेजारच्या खुर्चीत बसले, पदर घेतला आणि बाळाला पाजायला घेतलं.

बाळ पिऊन झोपेपर्यंत उन्हं उतरली, आणि आमच्या गल्लीतले तांबोळीचाचा मांडवात आले. त्यांची पिठाची गिरणी आमच्या घरासमोरच. माइकवर छकुलीचं नाव ऐकून ते शोधत आले होते.

"अरे वहिनी! तुम्ही हितं होय? मी म्हटलं आपली छकुलीच आसंल."

रसाळबाई उठून उभ्या राहिल्या. "तुम्ही ह्यांना ओळखता?"

"म्हंजे काय! आवं, आमच्या गल्लीतल्या वहिनी ह्या. भोइट्यांच्या. सगळी गल्ली वळखती."

"वहिनी," रसाळबाई म्हणाल्या.

"व्हय, वहिनी."

हवालदार फाळके उठले आणि त्यांनी पट्टा सारखा केला. "मिटलं मग. वहिनी त्या वहिनी. बाई, द्या पोरगी. ताई, घेऊन जावा, अंधार पडायलाय."

रसाळबाईंनी छकुलीला टेबलावरून खाली उतरवलं. मग माइक जवळ ओढला, बटण दाबलं आणि बोलायला सुरुवात केली. "सापडलेली मुलगी छकुली हिला तिच्या वहिनीच्या ताब्यात..."

मी माइकवर हात ठेवला. मैदानभर एक मोठी शिट्टी वाजली.

"आई म्हणा," मी म्हणाले.

"अहो, ताई," हवालदार म्हणाले, "पोरगी मिळाली न्हवं? वहिनी काय नि आई काय, घरी गेली म्हंजे झालं."

"नाही झालं. मी हिची वहिनी म्हणून हिला घेऊन जाणार नाही."

"मग काय हितंच बसताय का?"

"बसते."

तांबोळीचाचांच्या आत्ता लक्षात आलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "आवं बाई, पोटची पोरगी हाय त्यांची! बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी. वहिनी आमच्या. हिच्या न्हाईत!"

रसाळबाईंनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. मग एकदम हसू फुटून म्हणाल्या, "तुम्ही तरी कमालच केलीत. माझा धाकटा माझ्याच वर्गात आहे. तो मला बाई म्हणतो. घरीसुद्धा. बाई, भूक लागली. बाई, शर्टाचं बटण तुटलं. लोक हसतात."

तांबोळीचाचा आणि हवालदारही हसले.

"त्याला विचारलं, तुझी आई कोण, तर काय सांगतो?" मी विचारलं.

"माझ्याकडे बोट दाखवतो की."

बोलल्या आणि त्यांनी छकुलीकडे बघितलं. मग छकुलीसमोर उकिडव्या बसल्या. ह्या वेळी त्यांनी आवाज गोड केला नाही. "छकुली, हे बाळ कुणाचं गं?"

"वहिनीचं."

"आणि तू कुणाची?"

"आईची."

"तुला कुणी सांगितलं?"

"आईनंच. बाळ आलं ना, तेव्हा. म्हणाली, ते वहिनीचं, तू माझी." मग तिनं मला विचारलं, "हो ना गं, वहिनी?"

बाळ झालं तेव्हा मी बाळंतिणीच्या खोलीत होते आणि दाराबाहेर छकुलीचं रडणं रोज ऐकत होते. मग एक दिवस ते थांबलं. सासूबाई दारातून डोकावून म्हणाल्या होत्या, "झोपली गं माझ्याजवळ. तू नको काळजी करूस." मला किती बरं वाटलं होतं. तेव्हापासून ती त्यांच्याजवळच झोपत होती. मला वहिनी म्हणते ती फक्त सवय आहे असं मी समजत होते. तिच्या लेखी मी खरोखरच तिच्या भावाची बायको होते.

"काय बोलू माइकवर?" रसाळबाईंनी विचारलं. आता त्या मलाच विचारत होत्या.

"छकुली भोईटे हिची आई हेमलता भोईटे आली आहे आणि मुलीला घेऊन जात आहे. एवढंच."

त्यांनी ते शब्दाला शब्द म्हटलं. सावकाश, शाळेत शुद्धलेखन घालतात तसं. मग मी न सांगताच दुसऱ्यांदा म्हटलं. दुकानं बंद करणारे लोक वर बघत होते.

छकुली कान देऊन ऐकत होती. तिचा चेहरा उजळला.

"आई आली?" ती म्हणाली. "कुठंय?" आणि मांडवाच्या दाराकडे पळाली.

मी तिला दारात गाठलं, दुसऱ्या कडेवर घेतलं आणि दोन्ही पोरं घेऊन घरापर्यंत चालत आले. तांबोळीचाचा एकाला तरी माझ्याकडे द्या म्हणत होते. मी दिलं नाही.

सासूबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आल्या. घरी पोचायच्या आधीच त्यांना सगळं कळलं होतं. स्टँडवर पेरूवालीनं विचारलं होतं, "काय वं, तुमच्या छकुलीला आई सापडली म्हनं?"

पिशवी खाली न ठेवताच त्या म्हणाल्या, "मी नको म्हटलं होतं ना एकटीला?"

"म्हटलं होतं."

"आणि वर लाउडस्पीकरवर घराची शोभा?"

"आई, बसा. चहा टाकते. मग बोलू."

"चहा नको मला. बोल."

नाना आणि बापू तिथंच जेवत होते. त्यांनी ताटं उचलली आणि परसात गेले.

मी म्हणाले, "छकुलीला वाटतं ती तुमची मुलगी आहे."

"मग? आहेच माझी."

"लाडानं नाही, आई. खरंच वाटतं. मी तिच्या दादाची बायको आहे असं वाटतं."

"काहीतरीच तुझं. चार वर्षांचं पोर ते."

त्यांनी छकुलीला हाक मारली. ती उड्या मारत आली आणि त्यांच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही कोण गं तुझी?"

"वहिनी."

"येडे, ही तुझी आई."

छकुली खदखदून हसली. "तू आई!"

सासूबाईही हसल्या. "बरं, मी आई. मग तू कुणाच्या पोटातून आलीस?"

"तुझ्या."

"आणि बाळ?"

"वहिनीच्या."

सासूबाईंचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि पाटावर बसल्या. छकुली त्यांच्या मांडीवर बसायला गेली तर त्यांनी तिला बसू दिलं. पण नेहमीसारखं हातांत घेतलं नाही. हात जमिनीवर टेकून ठेवले.

"तू खोलीत होतीस," त्या म्हणाल्या. "पोर दारावर डोकं आपटायची. मी म्हटलं, तू माझी. काय चुकलं माझं? कुठलीही आजी हेच म्हणते."

"चुकलं नाही. पण आजपासून ती माझ्याजवळ झोपेल. आणि तुम्हाला आजी म्हणेल."

"सगळं घर आई म्हणणार आणि ही एकटीच आजी?"

"हो."

"मी काय चोरली होती का तुझी पोर?"

"नाही."

"मग असं का बोलतेस, पोलिसासारखं?"

"कारण मी आत्ता रडले तर हे राहून जाईल," मी म्हणाले.

छकुली त्यांच्या बांगड्या मोजत होती, चुकत होती, पुन्हा मोजत होती. मग त्या उठल्या. आपल्या खोलीत गेल्या आणि छकुलीची लहान गोधडी घेऊन बाहेर आल्या. ती माझ्या हातात दिली नाही. स्वतः माझ्या खोलीत जाऊन माझ्या अंथरुणावर ठेवली, उशी नीट केली आणि चहाचं आधण स्वतःच टाकलं.

त्या रात्री छकुली रडली. नंतरच्याही कितीतरी रात्री रडली. दोन्ही खोल्यांमध्ये एकच भिंत होती. पलीकडून सासूबाईंनी कधी हाक मारली नाही. जाग्या मात्र असायच्या; कड बदलल्याचा आवाज यायचा.

तिनं "वहिनी" म्हटलं की मी ओ देणं बंद केलं. मला वाटलं, आठ-पंधरा दिवसांत होईल. पण पोरगी माझीच होती. तिनं वहिनी म्हणणं सोडलं आणि त्या जागी काहीच आणलं नाही. काही हवं असलं तर येऊन पदर ओढायची. थोडी मोठी झाल्यावर "अगं" म्हणायला लागली. अगं, वेणी घाल. अगं, डबा दे. बाहेर माझ्याविषयी बोलायची वेळ आली तर "घरी विचारते" म्हणायची. बाळानं पहिल्यांदा मला आई म्हटलं तेव्हा ती त्याच्याकडे आणि माझ्याकडे टक लावून बघत बसली होती. त्याच्यामागोमाग आपणही म्हणावं असं तिला वाटलं नाही, किंवा वाटलं आणि तिनं म्हटलं नाही.

मी तिला सगळं सांगितलं होतं. कळायच्या वयात आल्यावर तिला ते नीट कळलंही होतं. रागावली नव्हती. तापात मीच जवळ लागायचे, दहावीला पहाटे मीच उठवायचे, लग्नाचा शालू तिनं माझ्याच पसंतीनं घेतला. निघताना गळ्यात पडून म्हणाली, "अगं, बीपीची गोळी विसरू नकोस." सासूबाईंना ती शेवटपर्यंत आईच म्हणत राहिली. मी त्यांना ओ देताना अडवलं नाही, तिला म्हणतानाही नाही. त्या गेल्या तेव्हा तिनं "आई" म्हणून फोडलेला हंबरडा ऐकून शेजारच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या होत्या.

आता ती नाशिकला असते. तिला मुलगी झाली आहे. बाळंतपणाला इथंच आली होती, आणि त्या खोलीतून तिनं मला पहिल्या दिवशी हाक मारली ती "आजी, जरा लंगोट दे गं." मी दारात थांबले. ती म्हणाली, "तिच्या कानावर आत्तापासूनच पडलेलं बरं." तेव्हापासून ती मला आजी म्हणते.

काल संध्याकाळी तिनं व्हिडिओ कॉल केला. मांडीवर बाळ. "आजी, बोल तिच्याशी," म्हणाली. मी बोलले. मग तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवून बाळाला विचारलं, "मी कोण? सांग, मी कोण?"

बाळ सध्या एकच अक्षर म्हणतं. आ. तिच्याकडे बघून म्हणालं, मग फोनकडे, माझ्याकडे बघून म्हणालं. पुढचं अक्षर कालपर्यंत आलेलं नाही.